किती रुपयांना किलो?

लठ्ठ माणसांचे वजन उतरवण्यासाठी सरकारने पैसे खर्च करावेत का, हा प्रश्न तीस-चाळीस वर्षांपूर्वी आपल्याकडे कुणी विचारला असता तर लोक हसले असते. आज तो हसण्यावारी नेता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी २२.९ टक्के कृश होत्या आणि २०.६ टक्के जाड. २०१९-२१ च्या फेरीत हे आकडे अनुक्रमे १८.७ आणि २४.० झाले. म्हणजे मधल्या पाच वर्षांत तराजूचे पारडे फिरले. २०१० साली १०० जिल्ह्यांत मधुमेह, हृदयविकार, कर्करोग व पक्षाघात यांविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे देशभर पोचला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून लोकांना महिन्याचे खाद्यतेल १० टक्के कमी करण्याचे आवाहन केले.

कार्यक्रम आला की मूल्यमापन आलेच. इतके रुपये खर्च झाले, इतके किलो उतरले. भागाकार करा, भाव काढा. या पद्धतीला शास्त्रीय भाषेत 'खर्च-परिणामकारकता' म्हणतात आणि ती मुळात चांगली पद्धत आहे. सार्वजनिक पैसा कुठे घालायचा हे ओरडणाऱ्याच्या आवाजावरून ठरण्यापेक्षा हिशोबावरून ठरलेले बरे. माझी तक्रार हिशोबाविरुद्ध नाही. छेदात आणि अंशात काय घातले आहे, याविषयी आहे. ही तक्रार नीट मांडण्यासाठी पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके घेऊ. शहरी भागात लपून राहणाऱ्या हिशोबातल्या फटी तिथे लगेच उघड्या पडतात.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख, तलासरीची सुमारे दीड लाख. तलासरीत दर दहा माणसांतली नऊ आदिवासी. डहाणूत दोन तृतीयांशांहून अधिक. वारली सर्वांत जास्त, त्यांच्या जोडीला कोकणा, धोडी, दुबळा. पश्चिमेला रेल्वे, डहाणू रोडचा बाजार, घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या, औष्णिक वीज केंद्र. पूर्वेला डोंगर, भाताची एकपिकी शेती, नागली-वरई आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघणारी कुटुंबे. तलासरीतून महामार्गाने उंबरगाव, भिलाड, वापीच्या कारखान्यांत कामाला जाणारी तरुण मुले. एकाच तालुक्यात पोट सुटलेला दुकानदार (आणि आपण खोटे कशाला बोला, पोट सुटलेला शिक्षक) आणि हाडांवर कातडे असलेली मजूर बाई, दोघेही भेटतात. कुपोषणाच्या बातम्यांमुळे हा भाग ठाऊक असतो, मधुमेहामुळे क्वचितच.

आता परदेशातला एक चांगला प्रयोग पाहू. इंग्लंडमध्ये १२६७ प्रौढ माणसांवर झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. सगळ्यांचा वजन-उंची निर्देशांक २८ किंवा त्याहून अधिक होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. एका गटाला थोडा सल्ला आणि वजन स्वतः कसे कमी करावे याची पुस्तिका दिली. दुसऱ्याला एका व्यापारी संस्थेच्या साप्ताहिक बैठकांना १२ आठवडे फुकट पाठवले, तिसऱ्याला ५२ आठवडे. एका वर्षाने पहिल्या गटाचे वजन सरासरी ३.२६ किलो, दुसऱ्याचे ४.७५ किलो, तिसऱ्याचे ६.७६ किलो कमी झाले होते.

इथे थांबून विचार करा. १२ आठवड्यांच्या बैठकांनी किती वजन उतरले? जाहिरात करणारा ४.७५ किलो म्हणेल. पण नुसत्या पुस्तिकेनेच ३.२६ उतरले होते. तेव्हा बैठकांचे श्रेय फक्त १.४९ किलोचे. एका किलोचा भाव पहिल्या हिशोबाने जितका येईल, त्याच्या तिपटीहून अधिक दुसऱ्या हिशोबाने येतो. विरोधी गट नसलेल्या कार्यक्रमाचा अहवाल कुणी समोर ठेवला तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: काहीच केले नसते तर काय झाले असते? दोन वर्षांनी तिन्ही गटांचे थोडे थोडे वजन परत आले आणि घट २.३०, ३.५६ व ४.२९ किलो उरली. संशोधकांनी पुढची २५ वर्षे गणिताने रंगवून हा खर्च ब्रिटिश आरोग्यसेवेला परवडणारा आहे असे दाखवले. असेलही. पण २५ वर्षांपैकी दोन वर्षे मोजलेली आहेत आणि बाकीची गृहीत धरलेली आहेत, एवढे लक्षात ठेवावे.

आपल्याकडचा हिशोब अधिक मोलाचा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. चालणे, आहार आणि नियमित पाठपुरावा एवढाच उपाय. तीन वर्षांत उपाय न केलेल्या गटातील ५५.० टक्के लोकांना मधुमेह झाला, उपाय केलेल्यांपैकी ३९.३ टक्क्यांना. फरक १५.७ टक्क्यांचा. म्हणजे साधारण साडेसहा माणसांवर तीन वर्षे मेहनत घेतली की एकाचा मधुमेह टळतो. पुढच्या वर्षी त्यांनी खर्चही मांडला: उपाय नसलेल्या गटावर माणशी ६१ डॉलर, उपायाच्या गटावर २२५ डॉलर. त्या वेळच्या सुमारे ४५ रुपयांच्या दराने हा फरक ७,३८० रुपयांचा. त्याला ६.४ ने गुणा. एक मधुमेह टाळण्याचा भाव सुमारे ४७ हजार रुपये. अकरावीच्या विद्यार्थ्याला फळ्यावर करता येईल असे हे गणित आहे आणि जरूर करून घ्यावे.

या प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. उपाय केलेल्या लोकांचे वजन म्हणण्यासारखे उतरलेच नाही! मधुमेह टळला, पण काटा जवळजवळ जागच्या जागी राहिला. अमेरिकेतल्या २००२ सालच्या अशाच प्रयोगात माणसे सरासरी साडेपाच किलोंनी हलकी झाली होती आणि मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. तिथे वजन उतरणे हेच यशाचे कारण मानले गेले. त्यांचा सरासरी निर्देशांक ३४ होता, चेन्नईकरांचा २५.८. चेन्नईच्या कार्यक्रमाला 'किती रुपयांना किलो' ही पट्टी लावली असती तर छेदात जवळजवळ शून्य आला असता आणि एक उत्तम कार्यक्रम नापास झाला असता. वजन हे साधन होते, त्यालाच आपण साध्य समजून बसलो.

चेन्नईचा हिशोब तलासरीला नेताना आणखी दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली शोधण्याच्या खर्चाची. उंबरठ्यावरचा एक माणूस तपासणीतून हुडकायला प्रयोगात ११७ डॉलर, म्हणजे सुमारे ५,२६५ रुपये लागले होते. दोन्ही गट शोधूनच आणलेले असल्यामुळे वजाबाकीत हा खर्च उडून जातो. पण तलासरीत कुणीच शोधून ठेवलेले नाही. कार्यक्रम नसता तर हा खर्चही नसता. साडेसहा माणसे शोधण्याचे सुमारे ३४ हजार रुपये मिळवा. ४७ हजारांचा भाव ८१ हजारांवर जातो. (प्रयोगकर्त्यांनी हा आकडा लपवलेला नाही, तो त्यांनीच दिला आहे. तो वापरणारे विसरतात.)

दुसरी अडचण वेळेची. हा हिशोब आरोग्यव्यवस्थेच्या बाजूने मांडलेला आहे. भाग घेणाऱ्याचा वेळ त्यात फुकट धरला आहे. नोकरदार माणसाच्या बाबतीत ते चालून जाते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. समजा, बारा आठवडे आठवड्यातून एकदा बैठकीला यायचे आणि प्रत्येक वेळी अर्धा दिवस मोडला, तर १,८७२ रुपये बुडाले. तिकीट वेगळे. सरकारी तक्त्यात या रकमेला रकाना नसतो. आणि रकाना नसला की स्वस्त दिसणारा कार्यक्रम लोकांना महाग पडतो, मग ते येत नाहीत, आणि अहवालात 'जनजागृतीचा अभाव' असे कारण लिहिले जाते. हा शब्दप्रयोग मला फार खटकतो. मजुरी बुडवून न येणाऱ्या माणसाची जागृती आपल्यापेक्षा जास्त असते.

शिवाय ऋतू. पावसाळ्याच्या तोंडावर घरातले धान्य संपत आलेले असते आणि आवणीचे कष्ट सुरू होतात. अंगावरचे मांस तेव्हा आपोआप झडते. पीक घरात आल्यावर थोडे भरून येते. आता कल्पना करा की एखाद्या संस्थेने डिसेंबरात लोकांची वजने घेतली, ऑगस्टमध्ये पुन्हा घेतली आणि दोन किलोंची घट छापली. ती घट कार्यक्रमाची की भुकेची? उलट्या क्रमाने मोजले असते तर कार्यक्रमाने वजन वाढवले असे म्हणावे लागले असते. पण डिसेंबरात निम्मी वस्ती भट्टीवर गेलेली असू शकते, त्यामुळे काट्यावर उभे राहिले ते गावात राहणारे, म्हणजे बहुधा पगार किंवा दुकान असलेले. त्यांच्यावरून काढलेली सरासरी ही तालुक्याची सरासरी नव्हे.

आता खुद्द मापाकडे वळू. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, ही रीत बेल्जियमच्या केतले यांनी १८३२ च्या सुमारास मांडली. ते गणिती होते, डॉक्टर नव्हेत. त्यांना 'सरासरी माणूस' हवा होता. १९७२ साली अन्सेल कीज यांनी तिला आजचे नाव दिले. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा अशी खालची रेघ ठरवली. कारण आपल्या अंगात त्याच निर्देशांकाला चरबी अधिक असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'ने छापले. दोघांचा निर्देशांक नेमका २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. याहून बोलके चित्र वर्गात दाखवायला मिळणार नाही.

दीड मीटर उंचीची आणि ४५ किलो वजनाची बाई घ्या. निर्देशांक बरोबर २०. कुठल्याही कार्यक्रमाच्या दृष्टीने ती 'योग्य'. तिचे पाच किलो उतरले तर निर्देशांक १७.८, म्हणजे कृश. तिला मधुमेह असेल तर? आशा कार्यकर्ती तिशीच्या पुढच्या माणसांसाठी घरोघर जो तक्ता भरते, त्यात कंबरेच्या घेराला दोनपर्यंत गुण आहेत, कमी हालचालीला एक, आईवडील-भावंडांच्या आजाराला दोन. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचे. आमच्या या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत, म्हणून शून्य. दिवसभर राबते, म्हणून शून्य. घरात कुणाला मधुमेह? कुणाचे रक्त कधी तपासलेच नाही, म्हणून 'नाही', म्हणजे शून्य. नियमाप्रमाणे तिशीवरील प्रत्येकाची तपासणी व्हायची आहे, हे खरे. पण जिथे माणूसबळ कमी असते तिथे 'आधी' पाठवायचे लोकच पाठवले जातात. तक्ता शहरातल्या शरीराकडे पाहून आखलेला आहे असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

अशा कृश मधुमेहींचा प्रश्न कल्पनेतला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ च्या वर्गीकरणात कुपोषणाशी निगडित मधुमेहाला जागा दिली होती, १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून ती काढून टाकली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. निहाल थॉमस आणि न्यूयॉर्कच्या डॉ. मेरेडिथ हॉकिन्स यांच्या गटाने २०२२ साली दाखवले की या रुग्णांत इन्सुलिन मुळातच कमी स्रवते. नेहमीच्या लठ्ठ मधुमेहींत इन्सुलिन असते, पण ते दाद मिळवू शकत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या प्रकाराला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. अशा माणसाला 'भात कमी करा, वजन उतरवा' हा भिंतीवरचा फलक वाचायला लावणे निरुपयोगी तर आहेच, घातकही ठरू शकते.

मग सार्वजनिक पैसा कुठे घालायचा? या भागात आधीच चालू असलेल्या एका योजनेचा भाव काढून पाहू. २०१५ सालापासून आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजनेखाली गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने बाईला अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते, महिन्याला २५ दिवस. सुरुवातीला थाळीचा दर २२ रुपये होता, पुढे ३५ झाला. नऊ महिन्यांच्या २२५ थाळ्यांचे होतात ७,८७५ रुपये. त्याच्या शेजारी हे ठेवा: मार्च २०२५ मध्ये वजन उतरवणारे टिर्झेपाटाइड हे इंजेक्शन भारतात आले तेव्हा सर्वांत लहान मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना होती आणि ती आठवड्याला एक लागते. महिन्याचे १४ हजार. एका बाईच्या नऊ महिन्यांच्या जेवणाचा खर्च म्हणजे त्या औषधाचे सुमारे सोळा दिवस.

ही तुलना टाळ्या मिळवणारी आहे, म्हणूनच तिच्यापासून सावध राहायला हवे. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटाला जन्मतः सरासरी २.७ किलोची, पण चरबी टिकवून असलेली बाळे आढळली, आणि उपाशी आईच्या पोटातच पुढच्या मधुमेहाची पायाभरणी होते हा विचार तिथून बळकट झाला. पण आईला खाऊ घातले की चाळीस वर्षांनी मधुमेह टळतो, हे अजून कुणी मोजून दाखवलेले नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या एका मोठ्या प्रयोगात स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. २०१४ साली निष्कर्ष आले. एकूण गटात बाळांचे वजन लक्षणीय वाढले नाही. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी तीन महिने तरी खाऊ घेतला त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमनी जड भरली, पण सर्वांत कृश आयांना हाही लाभ झाला नाही. मात्र गरोदरपणातला मधुमेह खाऊ घेणाऱ्यांत ७.३ टक्के आढळला, इतरांत १२.४ टक्के. पुन्हा तेच. काट्यावर पाहिले तर फारसे काही नाही, रक्तात पाहिले तर फरक मोठा.

तेव्हा डहाणू-तलासरीत वजनाचे कार्यक्रम नकोत, असे मी म्हणत नाही. डहाणू रोडच्या बाजारात, वीज केंद्राच्या वसाहतीत, कारखान्याच्या पाळीत बसून काम करणाऱ्यांत आणि वडापाव-वेफरवर दिवस काढणाऱ्या तरुणांत त्यांची गरज आहे आणि ती वाढेल. पण तालुक्याच्या निधीतून तो खर्च करताना पट्टी बदलायला हवी. रक्तातील साखर आणि रक्तदाब किती जणांचे आटोक्यात आले हे छेदात घाला. अंशात मजुरी घाला, शोधण्याचा खर्च घाला. मधेच सुटलेल्यांना मोजणीतून वगळू नका. वजने एकाच महिन्यात, वर्षाच्या अंतराने घ्या.

हे काम कुणी करायचे, याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणू तालुक्यातच आहे. आरोग्य तंत्रज्ञानाच्या खर्च-परिणामकारकतेचे मूल्यमापन करणारे विभागीय केंद्रही त्याच संस्थेत आहे. माणसे तिथे, हिशोबाची विद्या तिथे. शाळाही थोडी मदत करू शकतात, मात्र मुलांना वर्गात काट्यावर उभे करून आकडे मोठ्याने वाचून नव्हे. (मुलांसाठी २३ आणि २५ च्या रेघा चालतही नाहीत, वयाप्रमाणे वेगळे तक्ते लागतात.) नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या पाड्यावर कुठल्या महिन्यात कोण बाहेर गेलेले असते, उपकेंद्रापर्यंत जायला किती वेळ आणि किती भाडे लागते, कामाचा किती भाग मोडतो, याची वर्षभराची नोंद ठेवली, तर सरकारी तक्त्यातला तो रिकामा रकाना भरायला लागणारी माहिती त्यांच्या वहीत असेल.